काउंटरवरची यतना

नित्य सामायिकाची सवय मला आईमुळे लागली. पहाटे आसन अंथरायचे, मुखवस्त्रिका बांधायची आणि दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, समभावात बसायचे. बँकेच्या नोकरीत वणी, पुसद, दारव्हा अशा बदल्या झाल्या, तरी हा नेम फारसा चुकला नाही. त्यामुळे आपले मन बऱ्यापैकी ताब्यात आहे, असा माझा समज होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका वृद्ध स्त्रीने, एकही कठोर शब्द न उच्चारता, तो दूर केला.

८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या. १० तारखेला दारे उघडली आणि पुढचे शनिवार-रविवारही काम चालू राहिले. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. कापूस वेचणीचे आणि हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. मजुरी रोख, बियाणे रोख, आणि रोख तर कोणाकडेच नाही. नोटा बदलून देण्याची मर्यादा प्रथम माणशी ४,००० रुपये होती, मग ४,५०० झाली, पुढे २,००० वर आली आणि २४ नोव्हेंबरनंतर बदलून देणे बंदच झाले. स्वतःच्या खात्यात जुन्या नोटांचा भरणा मात्र ३० डिसेंबरपर्यंत करता येत होता. वाचकांनी हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा. माझी चूक तिथेच झाली.

एका दुपारी शाखेतील बदलून देण्याजोगी रोकड संपली. दारात उभा राहून मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होतो. तेवढ्यात एक आजी पुढे आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी पाचशेच्या पंधरा नोटा काढल्या आणि म्हणाल्या, "सायेब, या नोटायचं काई तरी करून द्या ना."

"आजी, पैसे संपले. उद्या या," मी त्यांच्याकडे नीट न पाहताच म्हणालो. त्या मुकाट्याने वळल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सामायिकात बसलो असता त्यांची आकृती डोळ्यांपुढे आली, आणि त्यांच्या दुसऱ्या हातातील पासबुकही. ते पासबुक आमच्याच शाखेचे होते! भरणा त्याच क्षणी घेता आला असता. 'बदलून द्या' असे त्या म्हणाल्याही नव्हत्या. सकाळपासून शंभरदा ऐकलेली मागणीच मी पुन्हा ऐकली होती. डोळ्यांनी पासबुक पाहिले, मनाने पाहिले नाही.

आमच्या शिपायाला त्यांचे गाव ठाऊक होते. बँक मित्राकरवी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, भरणा झाला, आणि मी हात जोडून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी तरी काय करसान, सायेब? किती मानसं होती." दरवर्षी संवत्सरीला मी शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत आलो आहे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला.

त्या दुपारी माझ्या मनात दया नव्हती, असे मला वाटत नाही. नव्हते ते अवधान. आपल्या शास्त्रात याला नेमका शब्द आहे : प्रमाद. तत्त्वार्थसूत्राने कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली, त्यांत कषायाहून वेगळे असे प्रमादाचे स्थान आहे. म्हणजे राग-लोभ नसतानाही केवळ बेसावधपणातून दुसऱ्याला पीडा होऊ शकते. त्यावरचा उपाय म्हणजे यतना, प्रत्येक कृती जागेपणाने करणे. चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून मी खाली पाहत असे. समोर आलेल्या माणसाकडे पाहायला मात्र विसरलो.

निवृत्तीनंतर या विषयावर थोडे वाचन केले. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणग्रस्त रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगता-अभ्यासक्रम सुरू केला. भारतीय वंशाच्या संशोधिका अमिशी झा यांनी सैनिकांच्या अवधानाचा अभ्यास केला. प्रदीर्घ दडपणाच्या काळात अवधान घसरत जाते, आणि रोज साधारण १२ मिनिटे नियमाने सराव करणाऱ्यांचे ते बऱ्याच अंशी टिकून राहते, असे त्यांना आढळले. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, घसरण सगळ्यांचीच होते. तो कोणाचा स्वभावदोष नव्हे.

मला सर्वांत जवळचे वाटले ते एका हिशेबनीसाचे उदाहरण. सयाजी ऊ बा खिन हे १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांचा भार त्यांच्यावर होता, आणि तरीही ते आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवीत. तीव्र अर्धशिशीने हैराण झालेले तरुण व्यापारी सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले. तेच पुढे १९६९ मध्ये विपश्यना घेऊन भारतात आले आणि १९७६ मध्ये आपल्या इगतपुरीत धम्मगिरीचा आरंभ झाला. आपल्या परंपरेत आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली; तिच्यातही श्वासप्रेक्षा, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणे, हा प्रमुख अभ्यास आहे. पंथ निराळे असले, तरी श्वासाकडे परत येण्याची ही शिकवण दोहींकडे आहे.

आजींच्या प्रसंगानंतर आम्ही शाखेत एक लहान प्रयोग केला होता. शटर उघडण्यापूर्वी तीन मिनिटे सर्वांनी आपापल्या जागी शांत बसून श्वासाकडे पाहायचे. त्यात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते, म्हणून कोणाचीच हरकत आली नाही. दिवसभरात एक ग्राहक उठला की दुसऱ्याकडे वळण्याआधी एक पूर्ण श्वास घ्यायचा आणि विचारायचे, "बोला, काय काम आहे?" उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. रांग त्यामुळे एका माणसानेही कमी झाली नाही. पण संध्याकाळी रोकड जुळवताना होणारी चिडचिड खूपच उणावली.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चौघांचे काम दोघांवर टाकायचे आणि त्यांना ध्यानशिबिराला पाठवून आपण मोकळे व्हायचे, हा हिशेब जुळणारा नाही. अपुरे मनुष्यबळ हा व्यवस्थेचा दोष आहे. तो श्वास मोजून भरून निघत नाही. ज्या तरुणाला रात्र-रात्र झोप नाही, त्याला आधी सुट्टी आणि वैद्यकीय सल्ला हवा. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी आपल्या घरांतील मुले रात्री उशिरा फोनवर थकलेल्या आवाजात बोलतात, तेव्हा त्यांना उपदेश करण्याआधी आपण वडीलधाऱ्यांनीही एक श्वास घ्यावा आणि त्यांचे म्हणणे पुरते ऐकावे.

माझे सामायिक आजही चालू आहे. ४८ मिनिटे पूर्वीचीच आहेत. आसन उचलताना एवढेच स्वतःला विचारतो : आज माझ्यासमोर जो कोणी येईल, त्याच्या हातात काय आहे, ते मला दिसेल ना?