जुन्या मोटारीची परीक्षा

गेल्या आषाढांत एके संध्याकाळीं माझा पुतण्या घरीं आला आणि चहा होण्यापूर्वींच म्हणाला, "काका, रविवारीं माझ्याबरोबर एक जुनी मोटार पाहावयास चला." मोटार या विषयांत माझा अधिकार शून्य. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि सायकलीपलीकडे स्वतःचें वाहन कधीं झालें नाहीं. मीं तसें सांगितलें. तो म्हणाला, "पारखायला मिस्त्री आहेत. तुम्ही फक्त मला आवरा." मागाहून कळलें कीं ही अट त्याच्या आईनें घातली होती.

मोटार होती मर्सिडीज ई २२०, सन १९९६ ची. जाणकार या घडणीला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनींत ती १९८४ सालीं निघाली, आणि १९९५ पासून सुटे भाग आणून पुण्याजवळ टेल्कोच्या भागीदारींत तिची जुळणी होऊं लागली. त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ बँकेंत हिशेबनीस होता. मुलाला स्कूटरवर पुढें उभा करून तो पिंपरीच्या बाजूला जाई, तेव्हां अशी एखादी मोटार दिसली कीं दोघे थांबून पाहात. "बाबा, आपली केव्हां?" "तूं मोठा झालास म्हणजे." भाऊ २०२१ सालीं गेला. त्यानें ठेवलेल्या पैशांपैकीं चार लाख मुलाच्या वांट्याला आले, आणि विकणारे गृहस्थ मोटारीचे साडेतीन लाख मागत होते. एवढें कळल्यावर न जाणें शक्य नव्हतें.

मोटार धुऊन पुसून अंगणांत उभी होती. काळा रंग असा तुकतुकीत कीं त्यांत चेहरा दिसावा. मिस्त्रींनीं रंगाकडे पाहिलेंहि नाहीं. आई तापल्या मुलाच्या कपाळाला हात लावते तसा त्यांनीं बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट ऊन होतें. "सकाळींच एक फेरी मारून आणली," गृहस्थ म्हणाले. मिस्त्रींनीं मला बाजूस घेतलें. "गुरुजी, तापलेलें इंजिन खोटें बोलतें. रात्रभर थंड पडलेलें पाहिजे." तेव्हां त्या दिवशीं आम्हीं फक्त कागदांची फाईल चाळली, आणि पुढल्या रविवारीं सकाळीं सहा वाजतां, न कळवितां, पुन्हां दारांत उभे राहिलों. असें जाणें मला प्रशस्त वाटत नव्हतें. गृहस्थांनाहि तें वाटलें नाहीं हें त्यांच्या मुद्रेवरून दिसलें.

धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, हें न्यायशास्त्रांतलें ठरीव उदाहरण. डोंगरावरचा धूर फळ्यावर काढून तें मीं कित्येक वर्षें मुलांना समजावून दिलें; पण या अनुमानाला इतके पोटभेद असतील असें मनांत आलें नव्हतें. धूर आहे एवढ्यानें मिस्त्रींचें समाधान होत नाहीं. त्याचा रंग कोणता, आणि तो केव्हां निघतो, हें त्यांना हवें असतें. गार हवेंत आरंभीं पांढरी वाफ निघते ती निरुपद्रवी. पण इंजिन तापल्यावरहि ती विरली नाहीं, तर इंजिन थंड ठेवणारें पाणी भलत्या जागीं शिरत असावें. तेल ओतण्याच्या झांकणाखालीं सायीसारखा थर आढळला तर हा संशय बळावतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल पुरतें जळत नाहीं. निळा म्हणजे तेल जळत आहे. आमच्या मोटारीनें सुरू होतांच निळ्या धुराचा एक लोट सोडला आणि मग ती शहाण्यासारखी वागूं लागली. यावरून मिस्त्रींनीं काढलेला निष्कर्ष असा: व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत, रात्रीं त्यांतून थोडें तेल खालीं उतरतें, आणि सकाळीं तेवढेंच जळतें. दोष खरा, पण दुरुस्त होण्यासारखा. निळा धूर थांबलाच नसता तर आम्ही तेथूनच परतलों असतों. आदल्या रविवारच्या ऊन इंजिनांत हा लोट आम्हांला दिसलाच नसता.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट कबूल करावयाची आहे. पुतण्याला आवरण्यासाठीं नेलेला मी, मागच्या आसनावर बसलों आणि दार ओढून घेतलें. जाडजूड ग्रंथ मिटावा तसा आवाज झाला, आणि रस्त्यावरचा गलबला बाहेरच राहिला. मीं तें दार आणखी दोनदां उघडून लावलें. पुढल्या कांचेवर वायपर एकच. पण तो फिरतां फिरतां कोपऱ्यापाशीं आपला हात लांबवी आणि मध्यावर येतांना आंखडून घेई, म्हणजे कोपराहि पुसला जावा. ज्याला ही युक्ति सुचली त्याचें कौतुक करीत मी बसलों, आणि किंमत, कागद, भावजयीची अट, सर्व विसरलों. 'मृच्छकटिका'तील चारुदत्ताचा मुलगा मातीची गाडी नको, सोन्याची हवी म्हणून रडतो. वर्गांत त्याचा हट्ट मी दोन वाक्यांत उरकीत असें.

मिस्त्री इतका वेळ बाहेर लोहचुंबक घेऊन फिरत होते. चुंबक सगळीकडे चिकटला, फक्त उजव्या पुढल्या चाकावरच्या पत्र्यावर निसटूं लागला. तेथें रंगाखालीं पुट्टीचा जाड थर, म्हणजे केव्हांतरी जोराची धडक. टायरांच्या खांचा खोल होत्या, पण कडेवरच्या चार आंकड्यांतले शेवटचे दोन १४ होते. म्हणजे ते २०१४ चे, आणि रबर वयानें वाळून कडक झालेलें. स्वयंचलित गिअरपेटीचें तेल लाल व स्वच्छ असावें. पट्टीवर आलें तें तपकिरी, आणि त्याला जळका वास होता. एक गोष्ट मात्र चांगली निघाली. त्या काळांतल्या कांहीं जर्मन मोटारींच्या इंजिनाजवळच्या तारांचें वेष्टण लवकर विघटन पावेल असें केलेलें असे, आणि तें उष्णतेनें भुगा होऊन पडतें. येथें ती सगळी जुडी नवी घातलेली होती, व पावतीहि होती.

फिरलेल्या अंतराचा आंकडा ८२,००० किलोमीटर. पुतण्याला आनंद झाला. पण ब्रेकच्या पायपट्टीचें रबर गुळगुळीत, आणि चालकाच्या आसनाची दाराकडील कड विरलेली. प्रत्यक्ष प्रमाण एक सांगत होतें, आंकडा दुसरें. निकाल त्या फाईलींत होता. २०११ सालच्या एका गॅरेजच्या बिलावर १,३४,००० लिहिलेलें मीं पाहिलें होतें. तो कागद काढून पुढें ठेवला. गृहस्थ म्हणाले, "मला मिळाली तेव्हांच आंकडा असा होता." तसेंहि असेल. नोंदणीच्या पुस्तकांत कर्जाचा बोजाहि अजून नोंदलेला होता, आणि तो फिटल्याचें बँकेचें पत्र त्यांना सांपडेना.

मिस्त्रींनीं चहाच्या दुकानांत बसून हिशेब मांडला. गिअरपेटी, सील, टायर, आणि खालचीं सर्व रबरें मिळून अडीच लाख. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. श्रीमंताच्या दारासाठीं घडविलेली वस्तु आपल्याला परवडेल अशा भावानें मिळते, पण तिला पुढें पोसावें लागतें तें श्रीमंताच्याच मापानें. शिवाय पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचें दर पांच वर्षांनीं नूतनीकरण आलें, त्याची फी २०२२ सालीं ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण कर वेगळा. पुतण्यानें कागद दोनदां वाचला व घडी घालून खिशांत ठेवला. निघतांना गृहस्थ पावणेतीन लाखांपर्यंत उतरले होते. "कळवितों," एवढेंच तो म्हणाला.

परततांना रिक्षांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, "बाबांना आवडली असती, काका."

"आवडली असती," मीं म्हटलें. "पण १,३४,००० चें बिल माझ्याआधीं त्यानें काढलें असतें."

तो हंसला, किती दिवसांनीं हंसला तें मला ठाऊक आहे.

ती मोटार त्यानें घेतली नाहीं. नाशिकला तशीच दुसरी आहे. एकाच मालकाची, पहिल्या दिवसापासूनचे कागद असलेली, आणि रंग मात्र विटलेला. पुढल्या रविवारीं पहांटेच्या गाडीनें आम्ही तिघे जाणार आहों. चुंबक मिस्त्रींनीं माझ्याकडेच ठेवावयास दिला आहे.