कुशीवर वाढलेला भोपळा

भोपळा हातात आला की मी तो आधी उलटा करतो. मातीला कुठली बाजू टेकली होती ते लगेच कळतं. तिथली साल फिकट आणि जरा चपटी असते. सतारी-तंबोऱ्याचा भोपळा कडू, खायच्या कामाचा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून तो आम्हा मिरजेच्या कारागिरांकडे येतो. फळ इतकं मोठं होतं की मांडवाला पेलत नाही. जमिनीवरच वाढतं आणि जमीन ठेवील तसा आकार घेतं. जाणता शेतकरी फळ कोवळं असतानाच देठ वर करून ते बसवतो, खाली काड पसरतो. तेवढं राहून गेलं तर भोपळा कुशीवर वाढतो. दगड आड आला तर खळगा पडतो, वेलाचा फाटा आवळला गेला तर कंबर येते.

कधी कारण पोटात असतं. वाळलेल्या भोपळ्याचं तोंड कापून बिया काढताना ते दिसतं: फुगलेल्या बाजूला टपोऱ्या बिया, बसलेल्या बाजूला पोचट. फुलावर पराग नीट पडले नाहीत की तिकडं बी धरत नाही, आणि बी धरलं नाही की फळही तिकडं भरत नाही. वाकडी काकडी वाकडी होते तीही बऱ्याचदा याच कारणानं.

जपानात झेंत्सुजीला कलिंगड लहान असतानाच पेटीत घालून चौकोनी वाढवतात. ते खायचं नसतं, मांडून ठेवायचं असतं. आमच्याकडे भोपळा येतो तो वाढ संपवून, लाकडासारखा वाळून. मग तो पाण्यात भिजत घालायचा, साल नरमली की आतून बांबूच्या कामट्या आडव्या बसवून तोंड ताणायचं आणि सावलीत वाळवायचं. या कामट्यांनी थोडंफार साधतं. किती साधेल, ते प्रत्येक भोपळ्याचं वेगळं.

शिकाऊ होतो तेव्हा मर्दानी तंबोऱ्यासाठी बावन्न इंच घेराचा एक भोपळा आला होता. एवढा घेर सहसा मिळत नाही, पण त्याची एक बाजू बसलेली होती. उस्तादांना न विचारता मी रोज त्यात एकेक कामटी वाढवत गेलो. चौथ्या रात्री तो तडकला, तोंडापासून पार बुडापर्यंत. उस्ताद रागावले नाहीत. फुटलेली कड त्यांनी माझ्या बोटांखाली धरली. बसलेल्या बाजूची साल दुसरीच्या जवळजवळ दुप्पट जाड होती.

“ही बाजू हललीच नसती,” ते म्हणाले, “तू ताणत होतास ती पातळ बाजू.”

तेव्हापासून भोपळा भिजवण्याआधी मी बोटाच्या पेरानं सगळीकडून ठोकून बघतो. जाड आणि पातळ साल वेगळी बोलते. आकारापेक्षा मी त्या बोलण्यावर जास्त विश्वास ठेवतो. दिसायला गोल गरगरीत, पण वेलावर पुरता न वाळलेला भोपळा मी परत पाठवतो, कारण त्याची साल पुढं दगा देते. एका अंगानं बसलेला, पण पक्का आणि सारख्या जाडीचा भोपळा मात्र ठेवून घेतो. तंबोऱ्यात ती बसलेली बाजू गाणाऱ्याच्या मांडीकडं येईल अशी तोंडाची कापणी धरतो. फारच चपटा असेल तर त्याची कच्छपी होते, कासवाच्या पाठीची सतार. ती जुनी, मानाची घडण आहे.

शिकलगार घराण्यातल्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांतल्या, फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत हे काम सुरू केलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा मला अभिमान आहे. पण आमच्या वाद्याची सुरुवात शेतात होते, आणि हाताशी ऊस असताना महिनोन्‌महिने जमीन अडवणारा हा कडू वेल लावायला शेतकऱ्याचं मन मोठं लागतं.

म्हणून भीमेकाठच्या शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. बांधाला असा वेल असेल तर फळ हिरवं तोडू नका, वेलावरच वाळू द्या. काढताना देठ ठेवा. बी पुढच्या साली लावायला राखा. आणि कुशीवर वाढलेलं, खळगा पडलेलं फळ उकिरड्यावर टाकण्याआधी एकदा मिरजेला सतारमेकर गल्लीत आणून दाखवा.