सेवाशिक्षणाचे परदेशगमन

आमच्या भाचीने मुंबईस समाजकार्याचा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा घरातील वडील मंडळींस वाटले की ही आता एखाद्या खेड्यात जाऊन बसणार. ती निघाली इंग्लंडला! क्षेत्रकार्याचे एक सत्र तेथील एका वृद्धनिवासात काढावयाचे, असा तिचा बेत. आणि त्याची योजना लिहून काढण्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीत ती भिलाई-३ ला आमच्या बिऱ्हाडी आली.

भिलाई म्हटले की लोकांस पोलाद आठवते. वस्तुतः कारखान्याचे नगर आमच्यापासून दुर्गच्या बाजूस; इकडे आम्हां रेल्वेवाल्यांचे यार्ड आणि रात्रभर चालणारे शंटिंग. तथापि पोलादाचा दाखला तिने दिलाच. १९५५ च्या करारानंतर येथे रशियन तज्ज्ञ आले, त्यांच्यासवे दुभाषे आले, आपले अभियंते शिकावयास तिकडे गेले. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. "मामा, त्यांनी जावे आणि मी जाऊ नये?"

मी म्हटले, "लोखंड तेथेही आणि येथेही एकाच उष्णतेस वितळते. म्हाताऱ्या माणसांचे तसे नसते."

त्यावर तिचे उत्तर तयार होते. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकनच होते. खरे आहे. पण हे गृहस्थ एक सत्र काढून परतले नव्हते. नागपाड्याच्या वस्तीत वर्षानुवर्षे काम केल्यावर ते शिकवावयास बसले. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याला घर दिसते. घरातले दुखणे दिसावयास मुक्काम लागतो.

तिचा कागद मी वाचला. सरकारी नोकरीत जन्म गेल्याने कागद वाचण्याची मला खोड आहे. व्हिसा, विमा, खर्च, दोन्हींकडील मार्गदर्शक, आठवड्याची चर्चा, कामाचे तास, दैनंदिनी, सर्व काही यथास्थित होते. उणीव काढली ती आमच्या सौभाग्यवतींनी. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, तिथल्या एखाद्या आजीला तुझा लळा लागला आणि तुझे सत्र संपले, मग?"

भाची गप्प झाली. दर तीन-चार वर्षांनी ज्यांच्या हाती बदलीचा हुकूम पडतो, त्या आपणां वाचकांना हा प्रश्न नवा नाही. सामान बांधून झाल्यावर शेजारच्या छत्तीसगढी म्हातारीला काय सांगावे, हे कोणत्याही नियमावलीत नसते. त्या रात्री तिने योजनेत दोन कलमे घातली: आपल्या जाण्याचा दिवस पहिल्याच भेटीत सांगावयाचा, आणि आपल्यामागे त्या वृद्धांकडे कोण जाईल, हे निघण्यापूर्वीच ठरवावयाचे.

पुढच्या आठवड्यात मी तिला चांप्याला पाठविले. तेथील कुष्ठसेवेचे काम १९६२ साली सदाशिवराव कात्रे यांनी आरंभिले. ते रेल्वेतलेच, आणि स्वतः त्या रोगाने पीडित. पुढे दामोदर गणेश बापट या दुसऱ्या मराठी माणसाने आपली हयात तेथे घातली; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते निवर्तले. दोघांसही परमुलूख आपला करावा लागला, पण त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही.

परत आल्यावर ती इंग्लंडचा बेत सोडील, असे मला वाटले होते. तिने तो सोडला नाही, आणि मला त्याचे बरेच वाटले. आपल्याकडची मुले परगावी, परदेशी गेली आणि आईबाप एकटे राहिले, ही गोष्ट आता आपल्याच आळीत घडते आहे. वृद्धांची सोय दुसऱ्या समाजाने कशी लावली, ते पाहून यावयासच हवे. मात्र तिने तेथील संस्थेस एक पत्र धाडले: माझ्या बदल्यात तुमची एक विद्यार्थिनी सत्रभर इकडे याल का पाठवून? तिने आधी थोडी हिंदी शिकावी. राहण्याची सोय माझ्या मामांकडे होईल.

मला न विचारताच लिहिले होते. उत्तर अद्याप आलेले नाही. सौभाग्यवतींनी मागची खोली मात्र झाडून ठेवली आहे.