एडिसनचं पत्र, तारनाक्याचा मसुदा

मागे काचीगुड्याच्या वाड्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की तुमचा अमेरिकेला गेलेला मोठा भाऊ पुढे कुठे असतो. आज त्याचंच सांगतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आता एक्क्याऐंशीचा. विवेकवर्धिनी शाळा, मग उस्मानियाचं इंजिनिअरिंग, आणि १९७१ साली अमेरिका. न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेतलं आणि तिथलाच झाला. मी काचीगुड्याहून निघालो तो तारनाक्यापर्यंतच पोचलो. बी.कॉम., बँक, १९८४ साली बँकेच्याच कर्जावर इथे घर, २०११ साली रिटायर.

गेल्या दिवाळीत पाडव्याला त्याचा व्हिडिओ कॉल आला. एरवी आधी वहिनी दिसतात, "काय केलंत फराळाला?" विचारतात. या वेळी दादा एकटाच होता. म्हणाला, "बाळ, तू हेड ऑफिसला पत्रं लिहायचास ना? मला एक पत्र लिहून दे. काँग्रेसमनला."

काँग्रेसमन म्हणजे तिकडचा खासदार. आपल्या काँग्रेस पक्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे आमच्या सौ.ला समजवण्यात पाच मिनिटं गेली.

प्रकरण असं होतं. वहिनींना नऊ वर्षं कंपवात आहे. त्यांची डॉक्टर बसते ते हॉस्पिटल गाडीनं सत्तर मिनिटांवर. गोळीचा अंमल असेतो हातपाय जरा ऐकतात, अंमल उतरला की माणूस जागच्या जागी थिजतो. त्यातून थंडी, बर्फ, व्हीलचेअर गाडीत चढवणं-उतरवणं, आणि गाडी चालवणारा एक्क्याऐंशीचा. २०२० पासून त्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हिडिओवर व्हायची. डॉक्टर सांगणार, हात पुढे करा, बोटं एकमेकांवर आपटा, सोफ्यापासून दारापर्यंत चालून दाखवा. दादा फोन धरून मागे मागे. वर्षातून एकदा प्रत्यक्ष जाऊन यायचं. सुरळीत चाललं होतं.

ऑक्टोबरात क्लिनिकमधून फोन आला. एक तर प्रत्यक्ष या, नाहीतर 'मेडिकेअरनं पैसे दिले नाहीत तर आम्ही भरू' असं लिहून द्या.

मेडिकेअर म्हणजे तिकडच्या पासष्टीपुढच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा. २०२० पूर्वी त्याचा नियम मोठा गमतीचा होता. व्हिडिओवर डॉक्टर दाखवायचा तर पेशंट ग्रामीण भागातला हवा, आणि त्यानंही घरून नाही, जवळच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या कॅमेऱ्यापुढे बसायचं! मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि ही अट सैल केली. आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली, पण सवलत चालू राहिली, फक्त तारखेवर. आधी ३१ डिसेंबर २०२४, मग ३१ मार्च २०२५, मग ३० सप्टेंबर २०२५. मानसिक आजारांसाठी घरून सल्ला कायद्यानं कायम केला, बाकीच्यांना मात्र दर वेळी नवी तारीख. १ ऑक्टोबरला तिकडे बजेटवरून सरकारच बंद पडलं आणि त्याबरोबर ही सवलतही.

दादा हे सगळं सांगत असताना मला आमचा टीओडी आठवत होता, टेम्पररी ओव्हरड्राफ्ट. पार्टी चांगली आहे, गरज खरी आहे, पण लिमिट रीतसर सँक्शन करायचं नाही, नुसता टीओडी वाढवत राहायचा. इन्स्पेक्शनला आलेला माणूस पहिला शेरा त्यावरच मारतो. अमेरिकेच्या संसदेला शेरा मारणारं कोणी नाही म्हणून दादासारख्यांनी पत्रं लिहायची.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. कारण सांगतो.

मे २०२१, दुसरी लाट. सौ.चा डावा पाय दुखायला लागला, पोटरी जड. बाहेर पडायची भीती, म्हणून मोबाइलवरून एका डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, स्नायू आखडलाय म्हणाले, मलम आणि गोळ्या लिहून दिल्या. चार दिवसांनी आमच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर मास्क लावून फाटकाशी आले. त्यांनी पोटरी दाबली आणि टेप मागून दोन्ही पायांचा घेर मोजला. डाव्याचा चांगला तीन सेंटिमीटर जास्त. "आत्ताच्या आत्ता डॉपलर," म्हणाले. शिरेत गुठळी निघाली. इंजेक्शनं, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. ती वाचली, पण टेप काही मोबाइलमधून बाहेर येत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

दादाला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, ज्या गोष्टीवर माझाच पुरता भरवसा नाही ती कायम करा म्हणून मी कसं लिहू? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या डॉक्टरनं तुझ्या बायकोला त्याआधी कधी पाहिलं होतं का?"

नव्हतं पाहिलं.

"हिची डॉक्टर हिला सात वर्षं ओळखते. हात किती थरथरायचा नि आता किती थरथरतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

ते मला पटलं. मग मी आपल्याकडचे नियम काढून वाचले (रिटायर माणसाला वेळच वेळ). आपल्याकडे २०१८ साली रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. फोनवरून उपचार सांगितले, रुग्ण दगावला, आणि कोर्टानं अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर बरेच डॉक्टर फोनवर औषध सांगायलाच कचरत. मग २५ मार्च २०२०, लॉकडाउनचा पहिला दिवस, त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि मे महिन्यात ती डॉक्टरांच्या आचारसंहितेत घातली. महामारी संपली की रद्द, अशी तारीख त्यात नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले नि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे जुनेच चालू आहेत. या नियमांत दादाचा मुद्दा स्पष्ट लिहिलाय. पहिल्यांदा भेटणारा पेशंट वेगळा, आधी पाहिलेला पेशंट वेगळा. काही औषधं व्हिडिओवर पाहिल्याशिवाय पहिल्या भेटीत लिहायची नाहीत, काही फक्त जुन्या पेशंटलाच, आणि गुंगीची, नशेची औषधं अजिबात नाहीत. बाबूलोकांनी केलेलं काम, पण नीट केलंय. म्हणजे आपल्याकडे सँक्शन पहिल्याच फटक्यात, फक्त पैसे आपल्या खिशातून. अमेरिकेत पैसे सरकार देतं, पण सँक्शन नाही.

दादानं स्वतःचा मसुदा पाठवला तो अडीच पानी. १९७१ पासून टॅक्स भरतोय, कधी कोणाकडे हात पसरला नाही, वगैरे. मी सगळं कापलं. म्हटलं, दादा, हेड ऑफिसात असली पत्रं कोणी वाचत नाही. विषय, वस्तुस्थिती, मागणी. मागणी एकच ठेव. तिकडे 'कनेक्ट फॉर हेल्थ ॲक्ट' नावाचं विधेयक २०१६ पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. हवाईचे सिनेटर शाट्झ आणि मिसिसिपीचे विकर, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, दोघं मिळून मांडतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये परत मांडलं. त्याला पाठिंबा द्या, नवी तारीख नको, एवढंच लिहायचं. आणि एक वाक्य मी हट्टानं घातलं: आम्हाला प्रत्यक्ष तपासणी टाळायची नाही, आमच्याच डॉक्टरकडे मधल्या भेटी घरून हव्यात.

वस्तुस्थितीत वहिनींच्या हाताचं दोन ओळींत वर्णन होतं. दादानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि फोनमागून आवाज आला, "माझ्या हातांची कहाणी परक्या माणसाला कशाला?" आम्ही दोघे भाऊ गप्प. वहिनी औरंगाबादच्या, शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्नानंतर माझ्या आईला पाठवलेली त्यांची पत्रं अजून माझ्या कपाटात आहेत, प्रत्येक अक्षर छापल्यासारखं. मी म्हटलं, "वहिनी, नको असेल तर काढतो." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "असू द्या. पण सही मी करणार. यांची नको."

चार दिवसांनी सही केलेल्या पत्राचा फोटो आला. मंडळी, मी छत्तीस वर्षं सह्या पडताळल्या. सही जुळत नाही म्हणून किती चेक परत पाठवले असतील त्याची गणती नाही. ही सही वहिनींची म्हणून मी पास केली नसती. पहिलं अक्षर ठीक, मग एकेक बारीक बारीक होत शेवटी नुसती मुंगीची रांग. या आजारात अक्षर असं लहान होत जातं म्हणे. मी फोटो मोठा करून किती तरी वेळ पाहत बसलो. सौ.नं येऊन चष्मा काढून घेतला.

पत्र टपालानं पाठवायचं नाही. २००१ साली पत्रांतून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, तेव्हापासून तिथल्या संसदेची डाक तपासून येते, उशीर होतो. म्हणून दादा आणि त्याच्या सीनिअर ग्रुपमधले तिघं खासदाराच्या स्थानिक ऑफिसात जाऊन आले. एकाची बायको डायलिसिसवर, एकाला स्वतःला दिसत नाही. तिथल्या मुलीनं सगळ्यांचे झिप कोड विचारले. आपल्याच मतदारसंघातली आहेत ना, एवढंच पाहायचं असतं. दादाला राग आला होता. मी म्हटलं, हौ, बरोबर आहे तिचं. आपणही दुसऱ्या ब्रांचच्या खातेदाराला हेच विचारायचो.

१२ नोव्हेंबरला त्रेचाळीस दिवसांनी सरकार सुरू झालं आणि सवलत १ ऑक्टोबरपासून मागल्या तारखेनं परत मिळाली. दादाच्या पत्रानं झालं असं मी म्हणत नाही, बिलात ती आपोआपच आली. वहिनींची तपासणी महिनाअखेरीला घरूनच झाली, गोळीची वेळ बदलून दिली. पण तेव्हा मिळालेली नवी तारीख काय, तर ३० जानेवारी २०२६. परत टीओडी.

काल रात्री दादाचा फोन होता. तिकडे बर्फ पडतोय. विचारत होता, तेच पत्र तारीख बदलून पाठवू का? मी म्हटलं, मजकूर तोच चालेल, सही मात्र नवी घे. सकाळच्या गोळीनंतर तासाभरानं घ्यायची ठरलंय. तेव्हा वहिनींचा हात जरा बरा असतो.