नाडेप

उकिरड्याची दैनादेखील बारा वर्षांनी फिटते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण आशावादी खरी. पण तिच्यातली बारा वर्षे आम्हांस नेहमी खटकत आली आहेत. इतकी वाट पाहावी असा उकिरड्याचा अपराध तरी कोणता? पुसदच्या एका गृहस्थाने हा वनवास 90 ते 120 दिवसांवर आणून ठेवला, आणि मौज अशी की त्या गृहस्थाचे नाव आम्हांस पदोपदी भेटते ते छत्तीसगढात.

आम्ही राहतो ती रिसाली मूळचे खेडे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. पुढे वसाहत वाढत गेली आणि रिसाली तिच्यात मिसळली. आज तिला स्वतःची महानगरपालिका आहे. तरी वस्ती ओलांडून थोडे पुढे गेले की भातखाचरे लागतात. तिकडच्या गावांत आणि सरकारी कागदांत ‘नाडेप टांका’ हा शब्द सर्रास आढळतो. तो एखाद्या इंग्रजी योजनेचा संक्षेप असावा, अशी आमच्या हिंदीभाषक सहकाऱ्यांची समजूत. वास्तविक ती ना. दे. पांढरीपांडे या गांधीवादी कार्यकर्त्याच्या नावाची आद्याक्षरे. यवतमाळ जिल्ह्यात ते ‘नाडेपकाका’ म्हणूनच ओळखले जात. रोमन लिपीच्या वाटेने जाता-येता ‘दे’चा ‘डे’ झाला असावा. परमुलखात आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावांचे जे होते, तेच येथेही झाले!

काकांची युक्ती साधी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे, आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत मधूनमधून भोके ठेवावयाची. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थरावर थर द्यावयाचे. सुमारे 1400 ते 1500 किलो काडीकचऱ्यास शेण लागते अवघे 90 ते 100 किलो; माती मात्र कचऱ्याहूनही थोडी अधिक. वर शेणमातीचा लेप देऊन टाके बंद करावयाचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग खचतो. तो पुन्हा भरून लिंपावयाचा, आणि ओल राखावयाची. चार महिन्यांच्या आत काळेभोर, निर्गंध खत हाती येते. या पद्धतीचे मर्म काटकसरीत आहे. शेण येथे विरजणापुरते. बाकीचे काम शेतातल्या पाल्यापाचोळ्याने करावयाचे. ज्याच्या दारी एकच गाय आहे, त्यालाही या रीतीने पुष्कळ खत करता येते.

आमचा जन्म आवक-जावक नोंदवहीत चाललेला. म्हणून असेल, आम्हांस या टाक्याचे महत्त्व हिशेबाच्या भाषेत चटकन उमगते. रिसालीत धानाचा तांदूळ येतो, धमध्याकडचे टमाटे येतात, मेथी-पालक येते. ही सारी आवक. तिच्याबरोबर शेतातल्या मातीचा कस थोडाथोडा शहरात येऊन पडतो. त्याची जावक कोठे? शेजारचा कारखाना या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा म्हणावयाचा. कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या वायूतला अमोनिया धरून तेथे अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. झोतभट्टीची मळी सिमेंटच्या कामी येते. लोखंडाच्या घरी उरल्यासुरल्याचा हिशेब लागतो. अन्नाच्या घरी तो लागू नये, याचे नवल वाटते.

हा हिशेब लावण्याचा एक मोठा प्रयत्न याच राज्यात झाला. 20 जुलै 2020 रोजी, हरेलीच्या सणाला, छत्तीसगढ सरकारने गोधन न्याय योजना सुरू केली आणि दोन रुपये किलोने शेण विकत घेण्यास आरंभ केला. गावोगावच्या गौठाणांत महिलांचे बचतगट त्याचे गांडूळखत करू लागले. एरवी गोवऱ्या थापण्यात ज्यांचे दिवस जात, त्यांच्या नावे शेणाचे पैसे जमा होऊ लागले. पुढे डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदलले आणि ती खरेदी थांबली. तिच्या राजकारणात आम्ही शिरत नाही; सरकारी नोकराने शिरूही नये. परंतु एक गोष्ट मनात राहते. सरकारी भावाने आलेले भाग्य सरकारी आज्ञेने जाऊ शकते. शेतकऱ्याने आपल्या बांधावर बांधलेले टाके मात्र कोणाच्या मंजुरीवाचून चालते.

शहराची अडचण याहून खोल आहे; ती पैशाची कमी आणि किळसेची अधिक. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी ती नेमकी ओळखली होती. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेण्यासाठी उपोषण केले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग चालविले. ज्याला आपण घाण म्हणतो ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर द्यावयाची, ही आपली जुनी सवय. जमीन आणि जेवण यांमधले चक्र तुटते ते येथेच. आजही छत्तीसगढच्या नगरांत ‘स्वच्छता दीदी’ म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रिया घरोघरचा कचरा निवडतात. नाव गोड आहे. पण भाजीच्या देठांत प्लॅस्टिकची पिशवी आणि फुटकी काच कोंबून आपण तो कचरा त्यांच्या हाती देतो, तेव्हा दीदी या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. ओले-सुके वेगळे करण्यास घरात दोन मिनिटे पुरतात. तेवढीदेखील न देणाऱ्याने शेतकऱ्याच्या हलाखीबद्दल हळहळू नये.

कचेरीत ‘नाडेप’चा उल्लेख निघाला की ते नाव कोणाचे, हे आम्ही आवर्जून सांगतो. ऐकणारा मान डोलावतो आणि आपल्या कामास लागतो; त्यास टाक्याशी कर्तव्य, काकांशी नाही. प्रथम प्रथम हे मनास लागे. आता वाटते, विदर्भातला एक मराठी माणूस छत्तीसगढी शेतकऱ्याच्या तोंडी विटामातीच्या वस्तूचे नाव होऊन राहिला, यापरता मान तो कोणता? खत झाले की नाही हे पाहावयाची शेतकऱ्याची खूण हीच: मुठीत घेतले असता त्यातली काडी कशाची होती, हे ओळखू येऊ नये.