आखडलेला खांदा

त्या साली शाळूची काढणी उरकली आणि माझा उजवा खांदा धरला. कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकून भरून आला असेल, म्हणून आठ-पंधरा दिवस कानाडोळा केला. पण हे दुखणं निराळंच. दिवसा कसंबसं निभायचं, रात्री वैऱ्यासारखं उठायचं. त्या कुशीवर वळलं की जाग यायची, मग गोठ्यात जाऊन बैलांपाशी बसायचं.

पुढं मी दोन चुका केल्या. शेजारच्या गावात एक हाड बसवणारा होता. त्यानं खांदा चाचपला, "उतारलाय" म्हणाला आणि एकच हिसका दिला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसरी चूक त्याच्या उलट. हात हलवायचाच नाही असं ठरवून तो महिनाभर झोळीत बांधून ठेवला. झोळी सोडली तेव्हा ठणका कमी झाला होता, पण हात खांद्याच्या वर जाईना. सदरा काढायला मंडळी लागायची. पाठ खाजवायला दाराची चौकट. 1 मेच्या ग्रामसभेत ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, माझा छातीपाशीच अडला. सरपंच म्हणाले, "आबा, तुमचा इरोध हाय का?" लोक हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र मनात आलं, हा हात जू कसं उचलणार?

तालुक्याला डॉक्टरांनी आधी मला हात वर करायला लावला, मग स्वतः धरून वर नेऊन बघितला. दोन्ही वेळा तिथंच अडला. कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेर फिरवा म्हणाले, तो तसूभर फिरेना. एक्सरेत हाडं धडधाकट. "फ्रोजन शोल्डर," ते म्हणाले आणि लगेच विचारलं, "शुगर कधी तपासली?" मी म्हटलं, रानात राबणाऱ्याला कसली शुगर? तीन महिन्यांची सरासरी काढली तर 9.4. साखर असणाऱ्याला हा खांदा जास्त धरतो आणि लवकर सोडत नाही, हे तिथं कळलं. गेलो खांद्याला, आलो साखर घेऊन.

त्यांनी सांध्यात एक इंजेक्शन दिलं. चार दिवस साखर चढली, पण झोप परत आली. खरं काम केलं ते पलीकडच्या खोलीतल्या फिजिओथेरपीच्या पोरीनं. माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान. आधी दहा-पंधरा मिनिटं शेक, मग उताणं निजवून हात धरायची आणि हाडाचा गोळा खोबणीत अलगद सरकवायची. मी दात दाबून हिसक्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही.

ती म्हणाली, "काका, सांध्याभोवती पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आखडते. तिला ताणायची, फाडायची नाही."

मी म्हटलं, "म्हंजे मोटंसारखं."

तिनं मोट कुठली बघितलेली! माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर चामड्याची मोट होती. पावसाळाभर पडून राहिली की वाळून लाकडासारखी व्हायची. घाईनं उलगडली तर घडीवर चिरायची. आजा ती भिजत घालायचा, तेल चोळायचा आणि एकेक घडी दोन-दोन दिवस सैल करत बसायचा. हे सांगितल्यावर ती म्हणाली, अगदी तेच करायचंय.

घरी दिवसातनं तीनदा. डावा हात गव्हाणीवर टेकून वाकायचं आणि उजवा घंटेच्या लोळकासारखा हलका झुलवायचा. उताणं निजून दोन्ही हातांत पराणीची काठी धरायची आणि डाव्यानं उजवा बाहेर ढकलायचा. पाठीमागं टॉवेल धरून वर ओढायचा. तिनं दोर-कप्पीचाही व्यायाम सांगितला होता. विहिरीवरची जुनी कप्पी काढली, गोठ्याच्या तुळईला टांगली. चांगला हात दोर खाली ओढी, तसा धरलेला हात वर जाई. बैल रवंथ करत बघत बसायचे.

ताण बसेपर्यंत जायचं, कळ यायच्या आत थांबायचं, हा तिचा नियम. नंतरचा ठणका तासाभरात उतरला तर ठीक, रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. मला हेच अवघड गेलं. अंग मोडून काम करायची सवय, थांबायची नाही.

भिंतीवर बोटं चालवत न्यायची आणि पोचतील तिथं कोळशानं रेघ मारायची. पहिली छातीच्या बटणाशी. महिनाभर रेघेवर रेघ पडत राहिली. मंडळी म्हणाली, "भितांड काळं केलंसा नुसतं."

डॉक्टरांनी वर्ष-दोन वर्षं धरून चला म्हणून सांगितलेलं. पेरणी थोडीच थांबते? पुण्याहून पोराचा फोन आला, "आबा, बैल काढूया. ट्रॅक्टर सांगू." मी नको नको म्हणत होतो. पण धार, वैरण, पाणी सगळं हिच्या एकटीच्या अंगावर पडलेलं. तिचे सुजलेले गुडघे बघितले आणि गप्प झालो. ज्येष्ठात गिऱ्हाईक आलं. दावं मीच सोडणार होतो, पण डाव्या हातानं गाठ सुटेना. घेणाऱ्यानंच सोडली.

रेघ हलली ती भादव्यात. बोटभर. मग पंधरवड्याला बोटभर वर, कधी आठवडाभर खालीही. दुसऱ्या वर्षी आखाड सरताना हात आढ्याकडं सरळ गेला. पाठीमागं मात्र अजून करदोड्यापर्यंतच पोचतो. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, चहा बिनसाखरेचा. त्याची सवय काही झाली नाही.

परवा वस्तीवरचा एक जण खांदा धरून आला. त्याला म्हटलं, आधी डॉक्टर आणि साखर, मग इथं. सगळं करून आला. रिकाम्या दावणीत कप्पीखाली उभा राहिला आणि दोर धरून म्हणाला, "आबा, हात तर आला. जोडी कवा आणायची?"

मी म्हटलं, "तू दोर सावकाश वढ."