शकुनाची किंमत

लोक अजून शकुन-अपशकुन पाळतात का, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित माणसाला विचारला तर तो हसून नाही म्हणतो. नव्या मोटारसायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवताना मात्र तोच म्हणतो, "विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" आपल्या समाजाचे उत्तर या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. विश्वास नाही, पण सोडायचे धाडसही नाही. या निवासी शाळेत विज्ञान शिकवताना आणि मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करताना हा मधला प्रदेश मला फार जवळून पाहता आला. शाळेच्या स्मरणिकेत त्याविषयी लिहिणे उचित वाटते.

मूल वसतिगृहात येते तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत कपडे, ताट-वाटी आणि आईने बांधून दिलेले लाडू असतात. न दिसणारी आणखी एक शिदोरी त्याच्याबरोबर येते. शिरोळ, कागल, शाहूवाडी, चंदगड अशा निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या मुलांना मी दरवर्षी वहीत दोन रकाने आखायला सांगत असे. पहिल्यात लिहायचे, 'घरी काय करू नये म्हणतात'. दुसऱ्यात, 'केल्यास काय होते म्हणतात'. वह्या भरभर भरत. दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी जाते. रात्री नखे कापू नयेत. शनिवारी तेल विकत आणू नये. मीठ हातावर देऊ नये, भांडण होते. तिघांनी मिळून कामाला जाऊ नये. निघालेल्या माणसाला "कुठे" असे विचारू नये. मांजर आडवे गेले, पाल चुकचुकली, टिटवी ओरडली, उंबऱ्यावर शिंक आली, की थांबावे. गावे निरनिराळी, पण यादी जवळजवळ एकच.

यांतील काही नियमांच्या मुळाशी शहाणपण आहे, हे मान्य केले पाहिजे. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात केर काढला तर सांडलेला मणी केराबरोबर जाणारच, आणि अंधारात नखे कापताना बोट कापणारच. घरात वीज आली तेव्हा कारण निघून गेले. नियम मात्र राहिला.

पण सगळे नियम सारखे टिकले नाहीत. "कुठे" हा शब्द आज कोणी टाळत नाही. घराबाहेर पडलेल्या माणसाला मोबाइलवरचा पहिला प्रश्न तोच असतो. मांजर आडवे गेले म्हणून पायवाटेवर चार पावले मागे फिरणारे लोक मी लहानपणी पाहिले आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावर मांजर आडवे गेले तर कोणीही वाहनचालक गाडी थांबवत नाही, कारण मागून ट्रक येत असतो. गरजेपुढे शकुन गप्प बसतो.

मग टिकले काय? कोल्हापुरात शनिवारी बाजारपेठेतून सकाळी फिरावे. दुकानांच्या दारात लिंबू-मिरचीची नवी माळ टांगलेली दिसते आणि जुनी माळ रस्त्यावर पडलेली दिसते. येणारे-जाणारे ती चुकवत चालतात, कारण जो ओलांडील त्याला ती पीडा लागते अशी समजूत आहे. अमावास्येच्या रात्री तिकटीवर उतारा ठेवतात: भात, लिंबू, हळद-कुंकू, नारळ, क्वचित अंडे. आजाऱ्यावरून उतरलेले दुखणे कोणा अनोळखी माणसाच्या पायाला चिकटून जावे, हीच त्यामागची कल्पना. सकाळी तो उतारा उचलतो सफाई कामगार. त्याच्या मुलांना ताप आला तर त्याचे कारण उताऱ्यात शोधायला कोणी जात नाही.

हे लक्षात आल्यानंतर मी मुलांच्या वहीत तिसरा रकाना आखायला लावला: 'पाळल्याने कोणाचे काय जाते?' त्या रकान्याने मलाच अधिक शिकवले. जो शकुन पाळताना आपल्याला किंमत मोजावी लागते, तो आपण कालांतराने सोडून देतो. जो पाळताना किंमत दुसरा मोजतो, तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. अंधश्रद्धेची खरी मोजपट्टी तिचा विचित्रपणा नव्हे. तिचे देणे कोण फेडतो, ही आहे.

तथागतांच्या जीवनातील दोन प्रसंग याच संदर्भात वारंवार आठवतात. पहिला विनयपिटकातील आहे. धम्मोपदेश चालू असताना भगवंतांना शिंक आली. भिक्खूंनी एकच गलका करून दीर्घायुष्य चिंतिले. उपदेशात खंड पडला. भगवंतांनी विचारले, असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा मरतो काय? भिक्खू नाही म्हणाले. तेव्हा शिंकेनंतर असे म्हणण्यास मनाई झाली. पुढे गृहस्थांनी भिक्खूंना शिंकेनंतर आयुष्य चिंतिले, तेव्हा भिक्खू उलट काहीच बोलेनात. लोक नाराज झाले. हे कळल्यावर भगवंतांनी मुभा दिली: गृहस्थ मंगल-अमंगल मानणारे असतात, त्यांना उलट शुभेच्छा द्यावी. विचार ठाम ठेवला, पण ज्यात कोणाचे काही जात नाही अशा साध्या सौजन्यावर वार केला नाही. नातवाला शिंक आली की "शतायुषी हो" म्हणणाऱ्या आजीशी भांडू नये, हे मी मुलांना याच प्रसंगावरून सांगत असे.

दुसरा प्रसंग जातककथेतील आहे. राजगृहात एका श्रीमंत ब्राह्मणाच्या पेटीतील वस्त्रांची जोडी उंदरांनी कुरतडली. असे वस्त्र घरात राहिले तर सर्वनाश होतो, अशी त्याची खात्री होती. नोकराच्या हाती द्यावे तर त्याला मोह व्हायचा, म्हणून त्याने ते मुलाच्या हाती, हाताचा स्पर्श होऊ न देता, काठीवर टांगून स्मशानात टाकायला पाठवले. तथागत स्मशानाच्या दाराशी होते. मुलाने टाकलेले वस्त्र त्यांनी उचलून घेतले. आता गौतमाचे वाटोळे होणार आणि दोष आपल्यावर येणार, या भीतीने ब्राह्मण दुसरी वस्त्रे घेऊन धावत आला. तथागतांनी त्याला शांतपणे सांगितले, की स्मशानात टाकलेले वस्त्र प्रव्रजिताला योग्यच असते.

ही कथा आपल्या समाजाला अधिक खोलवर कळावी, असे आपले पूर्वायुष्य आहे. मढ्यावरचे कापड हा गावगाड्यात आपल्या आजा-पणजांचा 'हक्क' होता. देणाऱ्याला ते कापड घरात नको असे. घेणाऱ्याच्या अंगावर मात्र ते चाले. एकच कापड, पण एकाचा अपशकुन आणि दुसऱ्याचे वेतन. अंधश्रद्धेचा हिशोब इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल.

अस्पृश्यता ही तरी दुसरे काय होती? माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही या देशातील सर्वांत मोठी अंधश्रद्धा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीने घेतले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले. माणसाची ओंजळ त्यांना घाण वाटली आणि शेण स्वच्छ वाटले! विज्ञानाच्या तासाला पाण्याचे प्रदूषण शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून देई. कोल्हापूरच्या मुलांना तर यावरचा उपाय गावातच सापडतो. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला लावले, स्वतः तेथे जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. व्याख्यानाने जे झाले नसते ते एका कपाने झाले, कारण महाराजांनी विटाळाची किंमत गंगारामांच्या खांद्यावरून उचलून स्वतःच्या प्रतिष्ठेवर घेतली.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली देणी अजून फिटलेली नाहीत. माझी आई तरुण वयात विधवा झाली. घरात बाबासाहेबांचे आणि तथागतांचे छायाचित्र होते. १९५६ नंतर वडिलांनी घरातील देव विसर्जित केले होते. तरीही माझा भाऊ परीक्षेला किंवा मुलाखतीला निघाला की आई आपण होऊन स्वयंपाकघरात आत सरकत असे. त्याला निघताना प्रथम तिचे तोंड दिसू नये, म्हणून. तिला तसे करायला घरात कोणी सांगितले नव्हते. सांगावे लागत नव्हते. ज्या मुलाच्या फीसाठी ती दुसऱ्याच्या उसात भांगलायला जात होती, त्याच मुलासाठी ती स्वतःला अपशकुन समजत होती. भाऊ एकदा दारातून परत फिरला, आत गेला, तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर आणले आणि तिच्या पाया पडून मग गेला. त्या मुलाखतीत त्याची निवड झाली की नाही, हे मी मुद्दाम लिहीत नाही. निवड झाली असती तर आई शुभशकुन ठरली असती. न झाली असती तर अपशकुन. ती आई होती, एवढेच पुरे.

आमच्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला: पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे, या प्रथा गावात बंद. ते राजर्षी शाहूंचे स्मृतिशताब्दी वर्ष होते. राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठरावाने मने एका रात्रीत बदलत नाहीत, हे खरे. पण 'चार लोक काय म्हणतील' या भीतीवर ही प्रथा उभी होती, आणि येथे त्या चार लोकांनीच बसून वेगळे म्हटले, हे महत्त्वाचे.

सीमाभागातील दुसरे देणे लहान मुलींच्या केसांत असे. न विंचरल्याने, तेल-पाणी न लागल्याने केसांचा गुंता झाला, की 'जट आली, यल्लम्माने बोलावले' असे म्हणायचे आणि मुलीला देवीला सोडायचे. अशा मुली बहुतांशी आपल्याच, दलित वस्त्यांतील असत. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली याविरुद्ध कायदे झाले. पण जट सोडवायला कात्री, तेल आणि धीर देणारी माणसे लागतात. ते काम कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन केले. आमच्या वसतिगृहात दर रविवारी मुलींनी एकमेकींचे केस धुऊन विंचरण्याचा प्रघात होता. तो मला नेहमी धम्मकार्याचाच भाग वाटे. मासिक पाळीत मुलगी वेगळी बसणार नाही, तिच्याच हाताने वाढलेले सर्वजणी जेवतील, हा प्रघातही तसाच.

या प्रश्नांची किंमत विचारणाऱ्यांनाही मोजावी लागली, हे विसरता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे त्यामुळे गुन्हा ठरले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्याच कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या; चार दिवसांनी त्यांचे निधन झाले.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. श्राद्ध, पिंडदान सोडले; लग्नाला मुहूर्त नको, रविवारची सुट्टी पुरे, असे म्हणणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. पण आपल्या वस्त्यांतील नव्या घरांवरही आता काळी बाहुली दिसते, आणि नोकरीत बढती मिळाली की वास्तुतज्ज्ञाला बोलावणे जाते. ज्यांच्या पूर्वजांना जगाने अपशकुन मानले, त्यांनी बाहुलीकडून रक्षण मागावे, हे दुःखद आहे. रागावून मात्र काही साधत नाही. तिसरा रकाना पुढे करावा आणि शांतपणे विचारावे: याचे देणे कोण फेडतो?

महामंगल सुत्त आपण वंदनेत म्हणतो. मंगल कशात आहे, असे तथागतांना विचारले गेले, तेव्हा त्यांच्या उत्तरात वार नाही, दिशा नाही, पक्षी नाही, रंग नाही. मूर्खांची संगत टाळणे, आई-वडिलांची सेवा, विद्या आणि कौशल्य, गोड वाणी, दान, निर्दोष कर्म, असे सारे माणसाच्या हातातले आहे. आणि त्यातील एकाही मंगलासाठी दुसऱ्या कोणाला अमंगल ठरवावे लागत नाही. विद्यार्थ्यांनी ते सुत्त पाठ करावे, आणि सुट्टीत घरी गेल्यावर त्याचा अर्थ आजीला, आईला समजावून सांगावा. ऐकणारी विधवा असेल, तर तिला पुढे, उंबऱ्याजवळ बसवून सांगावा.